आमच्या मुलींच्या स्वभावाबद्दल: एका वसतिगृह समितीस खुले पत्र

प्रति,
मा. प्राचार्य, मा. रेक्टर मॅडम आणि मुलींच्या वसतिगृह समितीचे सर्व सदस्य,

स.न.वि.वि.

यंदाच्या 'फिटनेस पंधरवड्या'चं परिपत्रक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. तारखा सोडल्या तर मजकूर गेल्या वर्षीचाच आहे. प्रथम वर्षाच्या सगळ्या मुलींचं वजन आणि उंची घेणार, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढणार, मजल्यानुसार याद्या मेसच्या फलकावर लावणार, आणि सत्राअखेर 'सर्वाधिक वजन घटवणाऱ्या' तिघींना प्रशस्तिपत्र आणि ट्रॅकसूट देणार. गेल्या वर्षी त्या तिघींत माझी मुलगी दुसरी आली होती. बक्षीस घेऊन ती घरी आली तेव्हा तिची नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली होती आणि पाळी बंद होऊन काही महिने झाले होते.

त्यानंतर मी तुम्हाला रीतसर अर्ज केला. तुमचं लेखी उत्तर आलं: 'सदर बाब विद्यार्थिनीच्या वैयक्तिक स्वभावाशी निगडित असून उपक्रमाचा तिच्याशी संबंध नाही.' फोनवर मॅडम जरा मायेनं म्हणाल्या, "ताई, मुलगी फार मनाला लावून घेते हो. स्वभावाला औषध नसतं." खासगीत लिहून जेवढं व्हायचं तेवढं झालं. आता तेच परिपत्रक पुन्हा निघालंय, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कारण तिथे आजही शेकडो मुली राहतात आणि त्यांच्याकडे कुणी बोट दाखवावं असं मला वाटत नाही. मुलीने हे पत्र वाचलं आहे. तिला नको होत्या त्या ओळी तिनेच खोडल्या.

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. वजनकाटा माझ्या रोजच्या कामातला. गरोदर बायका, कुपोषित बाळं, क्षयाचे पेशंट, सगळ्यांची वजनं मी घेते. ती कार्डावर लिहायची असतात. वजन ही उपचाराची नोंद आहे. आमच्याकडे एखाद्या सिस्टरने पेशंटांच्या वजनांची यादी दारावर चिकटवली असती तर दुसऱ्या दिवशी तिला मेमो मिळाला असता.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते. स्वभावाचा संबंध आहे, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. तो तुम्हाला वाटतो त्याहून जास्त आहे. फक्त त्यातून तुम्ही जो निष्कर्ष काढलात तो उलटा आहे.

खाण्याचे विकार कुणाला होतात याबद्दल आपल्याकडे एक ठाम समजूत आहे: नखरेल, लाडावलेल्या, दिवसभर आरशासमोर उभ्या राहणाऱ्या मुलींना. तुमच्या समितीच्या बैठकीत 'शहरी फॅड' असा शब्दही उच्चारला गेल्याचं मला सांगण्यात आलं. (आम्ही कऱ्हाडजवळच्या खेड्यात राहतो. असो.) १९९९ साली ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न आणि सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सिया (खाणं तोडून वजन धोक्याच्या खाली नेणारा विकार) झालेल्या स्त्रियांची तुलना निरोगी स्त्रियांशी केली आणि इतर मानसिक आजार असलेल्या स्त्रियांशीही केली. या आजाराच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या उठून दिसल्या: परिपूर्णतेचा अतोनात हट्ट, आणि स्वतःबद्दल आधीपासूनच असलेलं वाईट मत. लंडनमध्ये अशाच स्त्रियांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यांतल्या पुष्कळजणी लहानपणापासून काटेकोर, नियमाला धरून चालणाऱ्या आणि चूक झाली की जिवाला लावून घेणाऱ्या निघाल्या. आठवून सांगितलेल्या गोष्टींवर किती विसंबायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण स्पेनमधल्या नवारा प्रांतात १२ ते २१ वयाच्या मुलींची मनोवृत्ती आधी तपासली आणि मग त्यांचा पाठपुरावा केला. २००३ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुली मुळात जास्त चिंताळू, भावना लवकर ढवळून निघणाऱ्या आणि स्वतःला कमी लेखणाऱ्या होत्या, त्यांना पुढे खाण्याचा विकार होण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे तिथे स्वभाव आधी दिसला, आजार नंतर आला.

जरा विचार करा, अशी मुलगी तुमच्या वसतिगृहात कशी दिसते? जर्नल वेळेत देणारी. खोलीतली चादर सुरकुतीविना. रात्री दहाच्या हजेरीला पहिली. मॅडमना उलट न बोलणारी. माझ्या मुलीच्या दहावीच्या दाखल्यावर 'वर्तणूक: उत्तम' असं आहे आणि पहिल्या सत्रात तुम्हीच तिला मजल्याची प्रतिनिधी केलं होतंत. अशा मुलीच्या हातात तुम्ही एक आकडा दिलात, तो चारचौघींत फलकावर लावलात, आणि तो कमी केला की बक्षीस आहे असं सांगितलंत. उनाड मुलीने ती यादी बघून खांदे उडवले असते आणि कॅन्टीनला वडापाव खायला गेली असती. माझ्या मुलीने वही घातली.

त्या वहीत शेवटी पोळीचे तुकडे होते. एका पोळीचे सोळा, प्रत्येक तुकड्यापुढे बरोबरची खूण. दिवाळीत तिने घरच्यांसाठी चकल्या पाडल्या, सगळ्यांच्या वेढ्यांची गोलाई एकसारखी. एकही चाखली नाही. यूट्यूबवर पाककृती बघत रात्री दीडपर्यंत जागी असायची. ज्या मुलीला आधी कुकर लावायला सांगितलं तरी कंटाळा यायचा, तिला हे काय झालं ते आम्हा दोघांना कळेना.

याचं उत्तर मला सापडलं ते तुमच्या यादीतल्या एका रकान्याच्या इतिहासात. बीएमआयचं गणित बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. पण त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं अमेरिकेच्या आन्सेल कीज यांनी, १९७२ साली. याच कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात उपासमारीचा प्रयोग केला होता. युद्धावर जायला विवेकबुद्धीने नकार दिलेले ३६ तरुण त्यात स्वखुशीने आले होते. शरीराने धडधाकट, मनाने खंबीर, पारखून घेतलेले. सहा महिने त्यांना जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं आणि वजन सुमारे चौथाईने उतरवलं. ती माणसं चिडचिडी झाली, मित्रांपासून तुटली, उदास झाली. दिवसभर खाण्याचंच बोलू लागली. ताटातलं अन्न घोळवत तासन्‌तास खात बसायची. पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. अन्न परत सुरू झाल्यावरही कित्येकांचा खाण्यावरचा ताबा बराच काळ सुटलेला होता. या पुरुषांपैकी कुणालाही बारीक दिसायचं नव्हतं. उपासमारीनेच माणसाचा स्वभाव बदलतो, एवढं त्यातून कळलं.

म्हणून जी मुलगी तुम्हाला दुसऱ्या सत्रात 'घुमी, हट्टी, कुणात न मिसळणारी' वाटली (हे शब्द तुमच्याच अहवालातले), ती मूळची तशी नव्हती. काटेकोरपणा तिचा स्वतःचा होता. घुमेपणा भुकेचा होता. तुम्ही दोन्ही एका खात्यात टाकून त्याला 'वैयक्तिक स्वभाव' म्हटलंत. वजन पूर्ववत होऊ लागलं तशी ती पुन्हा धाकट्या भावाशी भांडू लागली.

एक गोष्ट मी जपून लिहिते, कारण मुलीच्या उपचारांत आमच्या डॉक्टरांनी ती वारंवार सांगितली. काटेकोर स्वभाव हा आजार नाही. बहुतेक काटेकोर मुली आयुष्यभर व्यवस्थित जेवतात आणि चांगली कामं करतात. जोखीम म्हणजे नशिबातला शिक्का नव्हे. आनुवंशिकतेचाही वाटा आहे. २०१९ साली ॲनोरेक्सियाच्या सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला, त्यात आजाराशी निगडित आठ ठिकाणं सापडली आणि शरीराच्या चयापचयाशीही धागे जुळलेले दिसले. तेव्हा 'आईबापांनी लाडावून ठेवलंय' हे पालुपदही आता थांबावं.

'उपक्रमाचा संबंध नाही' या तुमच्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याचं काय? फिजी बेटांवर १९९५ साली एका भागात दूरदर्शन संच पहिल्यांदा पोचले. ॲन बेकर या अभ्यासक डॉक्टरांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी तेव्हा केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्याबद्दलच्या प्रश्नावलीत धोक्याच्या पातळीवर असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या. वजन आटोक्यात ठेवायला मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्यात ११.३ टक्के होत्या. गाव तेच. तीन वर्षांत मुलींचे स्वभाव काही बदलले नव्हते, भोवताल बदलला होता. आणि तरीही दोन तृतीयांशांहून अधिक मुली त्या पातळीखालीच राहिल्या. कुणाला लागेल ते बऱ्याच अंशी स्वभावावर, पण दगड मारायचा की नाही ते मारणाऱ्याच्या हातात असतं. तुमच्या फलकाची गोष्ट याहून वेगळी नाही.

आता माझ्या तक्रारी नीट मांडते.

एक. वजन घेण्याची पद्धत. पोर्चमध्ये रांग, शिपाईमामा आकडा मोठ्याने सांगणार, एक विद्यार्थिनी लिहिणार. अठरा वर्षांच्या मुलींना हे सोसावं लागलं. त्यात बीएमआय २३ च्या वर गेला की लाल शाई. तो २३ चा आकडा आपल्याकडे प्रौढांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराची जोखीम लवकर ओळखावी म्हणून वापरतात. एखाद्या मुलीची लायकी ठरवायला तो कुणी काढलेला नाही.

दोन. तुम्ही फक्त लाल शाईकडे बघितलंत. हिरव्या शाईत एक मुलगी होती. (तिच्या परवानगीने लिहिते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.) वजन अगदी 'आदर्श'. स्वभावाने माझ्या मुलीच्या दुसऱ्या टोकाची: हसरी, बोलघेवडी, रागही पटकन आणि रडूही पटकन. भांडण झालं, पेपर वाईट गेला, घरून फोन आला, की रात्री फरसाणाची पाकिटं, बिस्किटं, मॅगी, मिळेल ते, आणि मग बाथरूमचा नळ सोडून उलटी. मन बिघडलं की त्या क्षणी काहीतरी करून टाकायचंच, मागाहून पस्तावलं तरी, या वृत्तीचा आणि असं अधाशासारखं खाऊन ओकण्याचा संबंध अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या आजाराला 'बुलिमिया नर्व्होसा' नाव दिलं. सततच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि त्यातून हृदयाची लय बिघडू शकते. तुमच्या काट्यावर ही मुलगी पहिल्या दर्जाची निरोगी ठरली.

तीन. 'मला जाड व्हायचं नाही' असं मुलगी म्हणाली तरच आजार, असंही तुमच्या उत्तरात सुचवलं होतं. माझी मुलगी ते एकदाही म्हणाली नाही. तिचं उत्तर एकच: "पोट भरलंय, घास उतरत नाही." १९९५ मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी पाच तरुणींची माहिती प्रसिद्ध केली. जेवायला नकार, उलट्या, वजनाची मोठी घट, पाळी बंद, सगळं होतं. आपण जाड आहोत ही पाश्चात्त्य पुस्तकांतली भावना मात्र नव्हती. शिवाय आपल्याकडे न जेवायला कारणं आयती मिळतात. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी. नवरात्रात माझ्या मुलीने नऊ दिवस कडक उपास धरले. मेसच्या मावशींनी तिच्या श्रद्धेचं कौतुक केलं. उपासाला माझा विरोध नाही, मी स्वतः संकष्टी करते. पण संकष्टीला चंद्र दिसल्यावर माणूस जेवतं. ती जेवत नव्हती.

चार. मेस कट. सलग न जेवलेल्या वेळांचे पैसे तुम्ही परत देता, ते योग्यच आहे. पण म्हणजे कोण किती वेळा जेवलं नाही, हे तुमच्या रजिस्टरात तारीखवार लिहिलेलं होतं. माझ्या मुलीला मिळालेला परतावा तिच्या मजल्यावर सर्वांत जास्त होता. हिशोबनिसाने पैसे चोख दिले. का जेवली नाही, हे कुणी विचारलं नाही.

पाच. समुपदेशक. माहितीपुस्तिकेत 'पूर्णवेळ समुपदेशन केंद्र' छापलंय. प्रत्यक्षात एक बाई आठवड्यातून एकदा, दुपारी दोन तास, परीक्षा विभागाच्या शेजारी काचेच्या खोलीत बसतात, आणि येणारीने बाहेरच्या वहीत नाव व कारण लिहायचं असतं.

सहा. आजारी मुलीशी तुम्ही जे वागलात ते. उपचारांनंतर परत यायचं म्हटल्यावर तुम्ही हमीपत्र मागितलंत की 'विद्यार्थिनीच्या प्रकृतीस वसतिगृह जबाबदार राहणार नाही', आणि इतर मुलींवर परिणाम नको म्हणून खोली बदलायचं ठरवलंत. पाय मोडून आलेल्या मुलीला तुम्ही तळमजल्यावरची खोली देता. माझ्या मुलीला सगळ्यांपासून लांबची, टोकाची दिलीत. शेवटी ती बाहेर खोली घेऊन राहते आहे आणि दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आहे.

मागण्या अशा.

परिपत्रक मागे घ्या. याद्या, स्पर्धा, बक्षीस, सगळं बंद. गेल्या वर्षीच्या याद्यांचे फोटो ज्या ग्रुपांवर टाकले होते तिथून काढून टाका. वजन घ्यायचं झालं तर वैद्यकीय कारणासाठी, डॉक्टर किंवा नर्सनेच, बंद दाराआड. आकडा बघायचा नसेल त्या मुलीला काट्याकडे पाठ करून उभं राहू द्यावं. फिटनेसच हवी असेल तर मैदानाचे दिवे दुरुस्त करा. संध्याकाळी सातनंतर मुलींना खेळता येत नाही, हे गाऱ्हाणं जुनं आहे.

पूर्णवेळ, प्रशिक्षित समुपदेशक नेमा. ही मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. बाहेरची ती वही बंद करा. तोवर 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

रेक्टर, सहायक रेक्टर आणि मेसच्या मावशींना एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये 'स्कॉफ' नावाचे पाचच प्रश्न तयार केले: पोट नकोसं भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का, किती खातेस यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का, तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन उतरलंय का, इतर जण बारीक म्हणत असताना तुला स्वतः जाड वाटतं का, सगळं आयुष्य खाण्यानेच व्यापलंय असं वाटतं का. दोन उत्तरं 'हो' आली की पुढे तज्ज्ञांकडे पाठवायचं. हे निदान नव्हे, एवढं शिकवणाऱ्याने सांगायला हवं. आणि कृपा करून याचीही यादी फलकावर लावू नका. गैरहजेरीचं रजिस्टर महिन्यातून एकदा कुणीतरी माणूस म्हणून वाचा आणि जी मुलगी सतत जेवत नाही तिच्याजवळ जाऊन एकांतात विचारा. दंड नको, घरी थेट फोनही नको. आधी तिच्याशी बोला.

आजारपणातून परतणाऱ्या मुलीकडून हमीपत्र घेणं थांबवा. उपचारांच्या तारखांना हजेरीची सवलत द्या आणि कागदपत्रं गोपनीय ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क मानतो. तुमच्याकडे मात्र माझ्या मुलीच्या आजाराचं नाव ऑफिसातल्या क्लार्कला माझ्याआधी माहीत होतं.

शेवटची मागणी लहान आहे. 'वैयक्तिक स्वभावाशी निगडित' हे वाक्य असलेलं पत्र मुलीच्या फाइलमध्ये आहे. ते मागे घेतल्याचं लेखी कळवा. उद्या नोकरीसाठी कुणी शिफारस मागितली तर ती फाइल उघडली जाईल.

परिपत्रकाप्रमाणे वजनं घेण्याचं काम येत्या सोमवारी सकाळी सातला सुरू होणार आहे. त्याआधी ते रद्द झाल्याचं त्याच ग्रुपवर कळवावं. इतर मागण्यांसाठी पालक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा. मी रजा टाकून येणार आहे. तीन-चार पालक सोबत येतो म्हणालेत, आणखी कुणाला यायचं असेल तर जरूर यावं. उत्तर लेखी द्यावं, फोन नको.

आपली विश्वासू,
द्वितीय वर्षातल्या एका विद्यार्थिनीची आई